थोडंसंच दुखतंय

आपल्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला येणाऱ्यांचे तीन प्रश्न ठरलेले. टाके किती पडले? बिल किती झालं? डिस्चार्ज कधी? दुखतंय का, हेही विचारतात म्हणा. पण ते 'काय, बरं ना?' या चालीवर. उत्तराची फारशी अपेक्षा नसते आणि पेशंटलाही ते माहीत असतं. तो म्हणतो, "थोडंसं." संपला विषय. मग शहाळं फोडून झालं की मंडळी पार्किंगच्या गप्पा मारत लिफ्टकडे निघतात.

या 'थोडंसं' शब्दावर माझा राग आहे. का आहे ते सांगतो. थोडं लांबेल, पण घरातल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या मावशीचं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालं. त्याआधी दोन वर्षं तिला उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत खांद्याच्या पात्यापर्यंत जायची, आणि हमखास लग्नकार्याच्या जेवणानंतर यायची. ती ओवा आणि सैंधव खायची आणि म्हणायची, "पित्त झालंय." आता यात तिचा दोष नाही. आपल्याकडे आंबट ढेकर म्हणजे पित्त, डोकं चढलं तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यामुळे खऱ्याखुऱ्या पित्ताशयात खडे होऊन ते ओरडायला लागलं, तरी त्याचं ऐकणार कोण? शेवटी एका रात्री ताप आणि उलट्या झाल्या, सोनोग्राफी झाली आणि मंडळी पुण्याला आली.

डॉक्टरांनी आधी नीट समजावून सांगितलं होतं. दुर्बिणीतून करू, चार छोटी भोकं, दोन दिवसांत घरी. पण आत फार सूज असली आणि पित्ताशय आजूबाजूला चिकटलेलं निघालं तर पोट उघडावं लागेल, तशी सही द्या. आम्ही सही दिली आणि विसरलो. आणि नेमकं तेच झालं. उजव्या बरगडीखाली तिरका, चांगला वीतभर छेद. यात चूक कुणाची नाही. दुर्बिणीतून नीट दिसत नसताना अट्टाहास न करता पोट उघडणं हाच शहाणपणा असतो, हे मला आता पटलंय.

चूक पुढची आहे, आणि ती माझी आहे.

पहिल्या रात्री मी सोबतीला होतो. अकराच्या सुमारास सिस्टर आल्या. "आजी, दुखतंय का? इंजेक्शन देऊ?" मावशी म्हणाली, "नको गं, थोडंसंच दुखतंय." सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणावं? मी म्हणालो, "राहू द्या सिस्टर. उगाच पेनकिलरचा मारा नको, किडनीवर परिणाम होतो." कुठेतरी वाचलेलं. आणि खरं सांगतो, असं म्हणताना मला आपण फार जागरूक नातेवाईक आहोत असं वाटत होतं. सिस्टरांकडे त्या रात्री अख्खा मजला होता. त्या गेल्या.

मावशी रात्रभर उताणी पडून होती. लाकडासारखी. एक हात पलंगाच्या दांडीवर, कूस बदलणं नाही, श्वास अगदी चिमणीसारखा. मला वाटलं, झोप लागली. दुसऱ्या दिवशी तीन चेंडूंचं ते फुंकायचं खेळणं दिलं (फुंकायचं नाही, ओढायचं असतं ते), तर एक चेंडू जेमतेम हलला. खोकला आला की ती तो गिळायची. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, "बघा, एवढं मोठं ऑपरेशन होऊन चकार शब्द नाही." मीही मान डोलावत होतो. आमची मावशी आहेच तशी!

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजन घसरला. एक्स-रे झाला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगतच नव्हता, तिथे कफ साठून इन्फेक्शन सुरू झालं होतं. डॉक्टरांनी फाईल उघडली, पानं उलटली आणि विचारलं, "पेनकिलर दोन दिवसांत एकदाच घेतलंय? का?"

कुणी बोललं नाही. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मलाच नको होतं."

नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असताना तिने मला पाठीशी घातलं. ते मी विसरलेलो नाही.

तर मुद्दा असा. तिच्या कागदावर पेनकिलर लिहिलेलं होतं, पण त्यापुढे तीन अक्षरं होती. एस.ओ.एस. आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनवर याचा अर्थ 'लागेल तसं'. ऐकायला किती समंजस वाटतं! पण 'लागेल तसं'चा व्यवहारातला अर्थ 'मागेल त्याला' असा होतो. आणि आपली माणसं मागत नाहीत. विशेषतः बायका, त्यातही त्या पिढीतल्या. त्यांना लहानपणापासून सहनशक्तीची शाबासकी मिळालेली असते. सिस्टरला रात्री दोनदा बेल वाजवून बोलवायचं म्हणजे त्यांना अपराध वाटतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : पोटाच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस दुखण्यावरचं मुख्य औषध घड्याळाप्रमाणे मिळायला हवं आणि 'लागेल तसं' हे त्यावरचं जादाचं असायला हवं. सहनशक्तीवर उपचार ठरता कामा नयेत.

दुखण्याचा फुप्फुसाशी काय संबंध, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. डॉक्टरांनी नंतर वहीच्या पानावर चित्र काढून दाखवलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं. आपण श्वास घेतो तेव्हा ते खाली सरकतं आणि पोट पुढे येतं. बरगडीखाली ताजा छेद असेल तर प्रत्येक श्वासाला तो ताणला जातो. माणूस आपोआप वरवरचा श्वास घेतो. खोकत नाही. मग फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ तिथेच बसतो. दुखणं हे याचं एकच कारण नसतं. वय, भूल, विडी-सिगारेट हेही असतंच. पण दुखणं हे त्यातलं असं कारण आहे की ज्यावर लगेच काहीतरी करता येतं.

पोटाचं प्रत्येक ऑपरेशन वेगळ्या तऱ्हेने दुखतं, हेही मी त्या आठवड्यात वॉर्डातच शिकलो. समोरच्या खाटेवरच्या मुलाचं अपेंडिक्स निघालं होतं. उजवीकडे खाली छोटा छेद, दुसऱ्या दिवशी पोरगं कमरेत वाकून का होईना, पण फेऱ्या मारत होतं. शेजारचे काका हर्नियाचे, जाळी बसवलेले. ते आडवे असताना राजासारखे, पण उठून बसताना, शिंकताना किंवा हसताना त्यांचा जीव जायचा, म्हणून त्यांच्यासमोर विनोद करायला बंदी होती. आणि दुर्बिणीतून झालेल्यांना पोटापेक्षा खांदाच दुखतो! याचं कारण गमतीचं आहे. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. त्याने श्वासपटल डिवचलं जातं. श्वासपटलाची नस मानेतून निघते, तिथूनच खांद्याच्या नसाही निघतात, मग मेंदूचा पत्ता चुकतो. दोन-तीन दिवसांत हे आपोआप जातं. पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणसाला वाटतं, हार्ट अटॅकच आला.

मोठा छेद टाळता येतो तिथे टाळावा, हे आता सर्वमान्य आहे. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तेव्हा त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींनी त्यांना नावं ठेवली. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातलं असं पहिलं ऑपरेशन केलं. आज तालुक्याच्या गावीही ते होतं. छेद लहान झाले, हे फार मोठं काम झालं. पण त्यामुळे आपला असा समज झालाय की भोकं लहान म्हणजे दुखणं नाहीच. आणि पोट उघडावं लागलंच, तर आपण थेट आजीच्या जमान्यात परत जातो : सहन करा.

सहन करण्याला एकेकाळी अर्थ होता, कारण दुसरा इलाजच नव्हता. १८०९ सालची अमेरिकेतली एक हकिकत आहे. जेन क्रॉफर्ड नावाची बाई पोटातली प्रचंड गाठ घेऊन घोड्यावरून साठेक मैल प्रवास करून डॅनव्हिल गावी डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांच्याकडे गेली. नाताळच्या दिवशी त्यांनी तिचं पोट उघडून अंडाशयाची सुमारे दहा किलोची गाठ काढली. पंचवीस मिनिटं लागली. भूल नाही. बाई म्हणे स्तोत्रं म्हणत होती. ती त्यानंतर तीसहून अधिक वर्षं जगली. वाचताना अंगावर काटा येतो, तिला नमस्कारच करावासा वाटतो. पण लक्षात घ्या, ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली १८४६ मध्ये, बॉस्टनला. जेनबाईंकडे पर्याय नव्हता. आमच्या मावशीकडे होता, तिच्या खाटेच्या बाजूच्या ट्रेमध्ये होता, आणि तो मी परत पाठवला.

आता दुसरी एक समजूत. पोट दुखत असताना पेनकिलर देऊ नये, त्याने दुखणं झाकलं जातं आणि डॉक्टरांना निदान करता येत नाही. माझ्या आतेभावाला अपेंडिक्स झालं तेव्हा कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या आधीच इंजेक्शन दिलं, म्हणून आत्याने त्यांना चांगलंच सुनावलं होतं. आत्याचं म्हणणं हवेतून आलेलं नव्हतं. झॅकरी कोप नावाच्या ब्रिटिश सर्जनने १९२१ मध्ये पोटाच्या तातडीच्या दुखण्यावर एक पुस्तक लिहिलं, पिढ्यान् पिढ्या डॉक्टर ते वाचत आले. त्यात निदान होण्याआधी मॉर्फिन देऊ नका, असा कडक इशारा होता. त्या काळी ते योग्यही होतं. सोनोग्राफी नाही, सीटी स्कॅन नाही. सर्जनचा हात आणि पेशंटची कळ, एवढंच साधन. पण १९८० च्या दशकापासून याची पद्धतशीर तपासणी झाली. दुखणं कमी करणारं औषध आधी दिलेल्या आणि न दिलेल्या पेशंटांची तुलना केली, तर आधी दिल्यामुळे निदान जास्त चुकतं असं काही दिसलं नाही. उलट पोट ताठ धरून बसलेला पेशंट थोडा सैलावला की नीट तपासता येतो. कोपच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांमध्येही हा सल्ला बदलला.

इथे एक गल्लत मात्र करू नका. डॉक्टरांनी तपासून औषध देणं वेगळं आणि घरी आपणच गोळ्यांवर गोळ्या घेऊन दोन दिवस काढणं वेगळं. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली, ताप-उलटी असेल, पोट फळीसारखं कडक लागत असेल, तर हिंगाचा लेप आणि गोळ्या बाजूला ठेवून रिक्षा बोलवा. आणि एरंडेल तर मुळीच नको. अपेंडिक्सला सूज असताना जुलाबाचं औषध पोटात जाणं धोक्याचं असतं, अपेंडिक्स फुटू शकतं.

"मग काय, पेनकिलर खात सुटायचं का?" असं आमच्या बाबांनी हे ऐकल्यावर विचारलंच. नाही. माझं किडनीचं वाक्य अगदी खोटं नव्हतं. डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधं किडनी कमजोर असेल, अल्सर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, काहींना दमा असेल, तर त्रास देऊ शकतात. पॅरासिटामॉलचंही दिवसाचं माप असतं, धडधाकट मोठ्या माणसाला चार ग्रॅमच्या वर नाही, आणि लिव्हर बिघडलेलं किंवा वजन कमी असेल तर त्याहून कमी. ट्रॅमाडॉलने मळमळ होते, बद्धकोष्ठ होतं. पोटाच्या ऑपरेशननंतर सगळं घर 'गॅस पास झाला का?' या एकाच बातमीकडे डोळे लावून बसलेलं असतं, तिथे हे महत्त्वाचंच. पण हे सगळं डॉक्टरांना सांगायचं असतं. त्यांनी क्रिएटिनिन पाहिलेलं असतं, मी पाहिलेलं नव्हतं. मी परस्पर निकाल दिला.

व्यसनाची भीती हा दुसरा आक्षेप. अमेरिकेत काय झालं ते आता सगळ्यांना माहीत आहे. १९९६ पासून तिथे ऑक्सिकॉन्टिनसारख्या गोळ्यांचा जोरदार प्रचार झाला, साध्या दुखण्यालाही अफूच्या जातीची औषधं हातात हात भरून दिली गेली आणि त्यात लाखो घरं उद्ध्वस्त झाली. ते आपल्याला नकोच. पण आपण दुसऱ्या टोकाला उभे आहोत. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपला देश आहे, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने शेती होते. आणि तरी १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवणं इतकं कटकटीचं झालं की अनेक ठिकाणी ते ठेवणंच बंद झालं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून वाट थोडी सोपी केली, पण सवय एवढ्याने बदलत नाही. आणि अहो, इथे तर साध्या पॅरासिटामॉलच्या इंजेक्शनलाही आपण 'नको' म्हणतोय! तिथे व्यसनाचा प्रश्न येतोच कुठे?

या दोन टोकांच्या मधली वाट आहे, आणि ती नवीनही नाही. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट १९९० च्या दशकापासून सांगत आले आहेत की एकाच जोरदार औषधावर भिस्त ठेवण्याऐवजी निरनिराळ्या बाजूंनी थोडं थोडं द्या. जखमेच्या कडेला किंवा पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये बधिर करणारं औषध, मोठा छेद असेल तर गरजेप्रमाणे पाठीत बारीक नळी, ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, चालत असेल तर सूज कमी करणारं औषध, आणि एवढ्यानेही भागलं नाही तरच अफूच्या जातीचं, तेही थोडकं. मग माणूस लवकर उठतो, लवकर चालतो, लवकर खातो. यातलं बरंचसं महागही नाही. फक्त कुणीतरी आधी ठरवायला हवं.

म्हणून कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी एवढंच विचारा : शुद्धीवर आल्यावर दुखण्यासाठी काय ठरवलंय? ते वेळेवर देणार की मागितल्यावर? पोट उघडावं लागलं तर काय बदलेल? भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी भेटायला येतात तेव्हा आपण बहुतेक वेळा 'चहा कधी चालेल' एवढंच विचारतो. मी तरी तेच विचारलं होतं.

आणि सोबतीला बसाल तेव्हा 'दुखतंय का?' विचारू नका. दहापैकी किती, हेही आपल्या माणसांवर चालत नाही. मावशीला डॉक्टरांनी ते विचारलं तर म्हणाली, "बाळंतपणात दहा होतं, त्या मानाने काहीच नाही." त्यापेक्षा असं विचारा : खोकून दाखव. दीर्घ श्वास घे. कुशीवर वळता येतंय का? बाथरूमपर्यंत जाऊन येऊ या? हे जमत नसेल तर तोंडाने काहीही सांगितलं तरी ते 'थोडंसं' नाही. मग बेल दाबा. (खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची, हे फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलं. भारी उपयोग होतो.)

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून मावशीला औषध वेळच्या वेळी सुरू झालं. रात्री दहाच्या सुमारास ती स्वतःहून डाव्या कुशीवर वळली. आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, मला वाटलं असंच असतं."

असंच असतं! दोन दिवस आणि दोन रात्री तिला वाटत होतं की हे असंच असतं, आणि तिच्या उशाला बसलेल्या तिच्या शिकल्यासवरल्या भाच्यालाही तेच वाटत होतं. ताप उतरायला आणखी चार दिवस गेले. ती बरी झाली, आता साताऱ्यात मजेत आहे, लग्नातल्या जिलबीवर पुन्हा हक्क सांगते. पण सगळ्यांच्या वाट्याला अशी बरी अखेर येतेच असं नाही.

असो. परवा मामाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी खोलीत असताना मावशीचा फोन आला. मामा म्हणाला, "काही नाही गं ताई, थोडंसंच दुखतंय."

पलीकडून मावशी म्हणाली, "ते राहू दे. आधी खोकून दाखव बघू."